रुजू होणे आणि रुजणे

बदलीच्या गावी पोचलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या हातून पहिला कागद लिहिला जातो तो 'जॉइनिंग रिपोर्ट' होय. अमुक तारखेस मध्याह्नपूर्वी आपण कामाचा भार स्वीकारला, एवढाच त्याचा मजकूर. मराठी दप्तरात या क्रियेस 'रुजू होणे' म्हणतात. 'रुजू' हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. वळणे, परतणे असा त्याचा मूळ भाव. पुढे हजर होणे हा अर्थ त्यास चिकटला. बी ज्या क्रियेने 'रुजते' तिच्याशी त्याचे काही नाते नाही. केवळ कानाला हे दोन शब्द सख्खे भाऊ वाटतात. तथापि या आभासातूनच एक खरा प्रश्न उभा राहतो. माणूस रुजू झाला म्हणजे तो रुजला काय? आणि रुजायचेच तर त्याने स्वतःतले किती सोडून द्यावे?

हा प्रश्न एकट्यादुकट्या अधिकाऱ्याचा नाही. सून सासरी येते, संस्थान प्रांतात मिळते, एक बँक दुसरीत जाते, एखादा प्रदेश शेजारच्या राज्यास जोडावा काय याची चर्चा होते. त्या प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न वेगळा वेष घेऊन येतो. जोड पक्का झाला की नाही एवढेच आपण बहुधा पाहतो. ज्याला जोडले त्याचे काय उरले, हे विचारण्याचे राहून जाते. आम्हांस वाटते, जोडण्याच्या क्रियेचे नैतिक मोल या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरच ठरते.

इंग्रजी भाषेपाशी या क्रियेसाठी शब्दांची मोठी श्रीमंती आहे. जॉइन, युनाइट, मर्ज, अटॅच, इंटिग्रेट, फेडरेट, अमाल्गमेट असे किती तरी. कचेरीत आपण ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. परंतु जोडल्या गेलेल्या वस्तूचे पुढे काय होते, याचे निरनिराळे उत्तर त्या प्रत्येकाच्या पोटात दडलेले आहे.

'जॉइन'चे मूळ ज्या लॅटिन धातूत आहे तो आणि संस्कृतातील 'युज्' एकाच कुळातले. 'योग' त्याच कुळातला आणि बैलाच्या मानेवरचे 'जू'ही त्याच कुळातले. इंग्रजीत दांपत्यजीवनास लावायचे 'कॉन्जुगल' हे विशेषण आणि पराजितास अंकित करण्याचे 'सबज्युगेट' हे क्रियापद, दोन्ही त्या जुवाखालूनच निघाली आहेत. दोघांनी मिळून एक जू उचलले तर संसार होतो. एकाने दुसऱ्यास त्याखाली घातले तर दास्य होते. 'मर्ज' म्हणजे मुळात बुडवणे. 'सबमर्ज' आणि 'इमर्ज' ही त्याची भावंडे पाहिली म्हणजे पाणी डोळ्यांपुढे येते. इंग्रजी मालमत्तेच्या कायद्यात लहान हक्क मोठ्या हक्कात बुडून नाहीसा होतो, त्यास 'मर्जर' म्हणतात. 'अटॅच'च्या मुळाशी मेख ठोकून बांधण्याची कल्पना आहे, आणि महसूल खात्यातील आमच्या वाचकांस हे सांगावयास नको की 'अटॅचमेंट' म्हणजे जप्ती. तोच शब्द इंग्रजीत जिव्हाळ्यासाठीही चालतो. 'फेडरेशन' हा करारावरून आलेला शब्द असून विश्वासवाचक लॅटिन शब्दाचा आप्त आहे. 'अमाल्गमेशन' पाऱ्याच्या मिश्रणावरून आला. १८६५ साली स्थापन झालेली अलाहाबाद बँक १ एप्रिल २०२० रोजी इंडियन बँकेत गेली तेव्हा सरकारी कागदात हाच शब्द होता. आणि 'इंटिग्रेशन'? त्याच्या मुळाशी असलेल्या 'इंटिजर'चा अर्थ, ज्यास हात लागलेला नाही असे, अखंड.

हे नुसते कोशातले कुतूहल नव्हे. काशीच्या समोर, गंगेच्या पैलतीरी रामनगर आहे. वाराणसी शहर १७७५ मध्येच ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेले होते. परंतु रामनगर, भदोही आणि चकिया या भागांचे मिळून बनारस संस्थान १९११ मध्ये निर्माण झाले. १९४७ साली या संस्थानाने भारतात प्रवेश केला. त्या कागदाचे नाव 'इन्स्ट्रुमेंट ऑफ ॲक्सेशन', मराठीत सामीलनामा. 'ॲक्सेशन' म्हणजे जवळ येणे. संरक्षण, परराष्ट्रव्यवहार आणि दळणवळण हे तीनच विषय त्याने केंद्राकडे गेले. पुढे ऑक्टोबर १९४९ मध्ये तेच संस्थान संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, विलीन झाले. या वेळचा शब्द 'मर्जर'. आणि व्ही. पी. मेनन यांनी १९५६ साली देशभरातील या घडामोडींचा इतिहास प्रसिद्ध केला, त्याच्या नावात शब्द आहे 'इंटिग्रेशन'. एकाच व्यवहारास तीन शब्द: जवळ येणे, बुडणे आणि अखंड असणे. जवळ या म्हणून बोलावले, दोन वर्षांत बुडवले, आणि इतिहासात अखंड म्हणून नोंदले, असे एखाद्या रुसलेल्या संस्थानिकास वाटले असल्यास नवल नाही.

परंतु त्याच्या रुसव्यात आपण लगेच सामील होऊ नये. संस्थानाच्या विलयाने सिंहासन बुडाले. त्याच विलयाने पिढ्यान्‌पिढ्या प्रजा म्हणून राहिलेल्या शेतकऱ्याच्या हाती मत आले. बुडणे नेहमीच वाईट असते असे नाही. काय बुडाले ते पाहावे लागते. औंधाचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. तेथे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ साली आपल्या हातची सत्ता ग्रामपंचायतींच्या पायावर उभ्या केलेल्या लोकशासनाकडे सोपवली होती, आणि त्या घटनेच्या सिद्धतेत गांधीजींचा सल्ला होता. मार्च १९४८ मध्ये दक्षिणेतील इतर मराठी संस्थानांबरोबर औंधही मुंबई प्रांतात विलीन झाले. शेजारच्या संस्थानात जे बुडाले ते राजाचे राज्य होते. औंधात जे बुडाले त्यात गावकऱ्यांनी नऊ वर्षे चालवलेला स्वराज्याचा प्रयोगही होता. हुकुमात दोहोंसाठी शब्द एकच होता. शब्द ढोबळ असला म्हणजे असा अन्याय कोणाच्याही दुष्टपणावाचून घडून जातो.

डॉ. आंबेडकरांनी या बाबतीत दाखवलेली काटेकोर दृष्टी आम्हांस अनुकरणीय वाटते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत मसुदा मांडताना, 'फेडरेशन'ऐवजी 'युनियन' शब्द का घातला याचा त्यांनी खुलासा केला. भारताचे संघराज्य घटकराज्यांच्या आपसातील करारातून जन्मलेले नाही, म्हणून कोणासही त्यातून फुटून जाण्याचा हक्क नाही, हे त्या शब्दातून स्पष्ट व्हावे असा त्यांचा हेतू होता. तो निर्णय कोणास पटो वा न पटो. जोडण्याचा शब्द निवडणे म्हणजे जोडल्या जाणाऱ्याचे हक्क निवडणे होय, हे त्यांनी ओळखले होते आणि सभागृहापुढे उघड सांगितले होते.

आता गोमंतकाकडे पाहू. आमच्या पुष्कळ वाचकांच्या मनात ही जुनी सल असेल. परंतु येथे शब्दाचा प्रश्न सर्वांत धारदार होतो. १६ जानेवारी १९६७ रोजी तेथे जनमत घेण्यात आले. महाराष्ट्रात विलीन व्हावे यासाठी फूल आणि संघप्रदेश म्हणून वेगळे राहावे यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. विलीनीकरणास १,३८,१७० मते पडली आणि वेगळे राहण्यास १,७२,१९१. चौतीस हजारांच्या फरकाने गोमंतक वेगळा राहिला. त्यामागे धर्म, भाषा, जमीन, जात अशी नाना कारणे होती. एका शब्दाने निकाल फिरला असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. तरी इकडच्या मराठी माणसाच्या मनात त्या वेळी जे चित्र होते ते घरच्या माणसाने घरी येण्याचे होते, आणि कागदावर जो शब्द होता तो विरघळून जाण्याचा होता. बोलावणाऱ्यास 'मिळणे' दिसत होते. ज्यास बोलावले त्यास 'विलीन होणे' ऐकू येत होते. त्याच वर्षी, काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत विलीनीकरणवादी भाऊसाहेब बांदोडकरांचाच पक्ष गोव्यात पुन्हा सत्तेवर आला, हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. म्हणजे बहुतांनी माणसे नाकारली नव्हती, मराठीही नाकारली नव्हती. त्यांनी बुडणे नाकारले होते. याउलट विदर्भाने संयुक्त महाराष्ट्रात येताना १९५३च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन दर वर्षी नागपुरास भरावे यासारख्या अटी लिहून घेतल्या. त्या कितपत पाळल्या गेल्या यावर वाद आहेत. परंतु सामील होण्यापूर्वी 'आमचे काय उरेल' हे विचारणे कृतघ्नपणाचे नाही, हे त्या कराराने मान्य केले.

मग जोडले जाताना काय सोडावे आणि काय राखावे याची काही कसोटी आहे काय? ती शोधावयास काशीहून दूर जाण्याचे कारण नाही. या नगरीत शतकानुशतके जी शास्त्रे घोकली गेली त्यांत जोडण्याचा विचार फार बारकाईने केलेला आहे. वैशेषिक दर्शनात 'संयोग' आणि 'समवाय' हे दोन संबंध निराळे मानले आहेत. तंतू आणि पट यांचा संबंध समवायाचा. तंतूंवाचून पट राहूच शकत नाही. संयोग मात्र स्वतंत्रपणे असणाऱ्या दोन द्रव्यांचा, आणि म्हणून विभागाने संपणारा. या संयोगाचेही त्यांनी प्रकार केले. ससाणा येऊन खांबावर बसतो तेव्हा एकच पक्ष हलतो. दोन मल्ल एकमेकांस भिडतात तेव्हा दोघेही हलतात. हा भेद भौतिक असला तरी त्यात नीतीचे बीज आहे. आपल्या विवाहसंस्थेत शतकानुशतके एकच पक्ष हलत आला. मुलीने घर बदलायचे, आडनाव बदलायचे, आणि कित्येक घरांत तांदळांत अंगठीने लिहून तिचे पाळण्यातले नावही बदलायचे. तिच्या येण्याने सासरच्या घराने कणभर तरी हलावे, अशी अपेक्षा फारशी कोणी केली नाही. आपण त्यास मीलन म्हणत आलो. शास्त्राच्या परिभाषेत तो खांबावर बसलेला ससाणा होता, आणि ससाण्याला निदान उडून जाण्याची मोकळीक असते.

दुसरा विचार वैयाकरणांचा. दोन पदांचा समास होतो तेव्हा ती पदे आपापला अर्थ सोडतात की राखतात, असा प्रश्न पतंजलींनी महाभाष्यात घेतला आहे. अर्थ मुळीच सोडला नाही तर समास होणार नाही, पदे नुसती शेजारी उभी राहतील. सगळा सोडला तर समासात त्यांना घेतले कशाला? यावर त्यांनी दिलेला दृष्टांत असा की, राजाच्या चाकरीत लागलेला सुतार आपले सुतारकाम सोडतो, परंतु उचकी, हसणे आणि खाजवणे सोडत नाही. दुसऱ्याच्या कार्यास जे विरोधी असेल तेवढेच त्याने टाकायचे. बाकीचे त्याचे त्याच्यापाशी राहते. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी महाभाष्याचे मराठी भाषांतर करून हा ग्रंथ आपल्या आटोक्यात आणला आहे. बदलीवर असलेल्या प्रत्येक मराठी माणसाने या सुताराची ओळख करून घ्यावी. दोन हजार वर्षांपूर्वी राजसेवेत शिरलेला तो आपलाच पूर्वज आहे.

ही कसोटी हाती घेतली म्हणजे पुष्कळ गोष्टी उलगडतात. बनारस संस्थानाचा वसूल गेला, न्यायालये गेली, दरबारचा अधिकार गेला. ते सुतारकाम होते आणि प्रजासत्ताकाच्या कार्यास विरोधी होते. परंतु रामनगरची रामलीला राहिली. शरद ऋतूत सुमारे महिनाभर, गावातल्या निरनिराळ्या जागा अयोध्या, जनकपूर, लंका मानून ती आजही चालते, आणि काशीनरेशांच्या घराण्याचा वारस हत्तीवरून आला की लोक 'हर हर महादेव' म्हणून त्याचे स्वागत करतात. त्या जयघोषाने लोकशाहीस कोणताही धोका पोचलेला नाही. ते संस्थानाचे हसणे आहे. ते जर हुकुमाने बंद केले असते तर देशाची एकता तसूभरही वाढली नसती, आणि एक गाव मात्र मुके झाले असते.

येथे कोणी शंका घेईल की, विरोधी काय आणि अविरोधी काय हे ठरवणार कोण? सुताराचे हसणेही दरबारास अडचणीचे वाटले तर? शंका रास्त आहे, आणि पतंजलींच्या दृष्टांतात तिचे उत्तर नाही, कारण तेथे प्रश्न पदांचा आहे. पदे तक्रार करीत नाहीत. माणसांच्या बाबतीत आम्ही एक पोटनियम सुचवू. सोडण्याची मागणी ज्याने करायची त्याने विरोध सिद्ध करावा. राखणाऱ्यावर पुराव्याचा बोजा टाकू नये. नवी सून आपले नाव का राखते, आपल्या वस्तीतला परप्रांतीय घरात आपली भाषा का बोलतो, असे विचारण्याचा अधिकार कोणास नाही; त्यामुळे आमचे अमुक काम अडते, असे दाखवून देणाऱ्याचे तेवढे ऐकून घ्यावे. हा नियम आपणांस येथे सोयीचा वाटत असेल, तर तो मुंबईत आणि पुण्यात आलेल्यांनाही लावावा लागेल. दोन ठिकाणी दोन वजने चालणार नाहीत.

आणि मातृभाषा? ती सुतारकाम की हसणे? आमच्या वाचकांच्या घरोघरी हा प्रश्न जेवताना निघतो. मुले शाळेत हिंदी आणि इंग्रजी बोलतात. घरी मराठीत विचारले तर हिंदीत उत्तर देतात. काही आईबाप यास प्रगती समजतात, काही अधःपात. आमच्या मते कचेरीत आणि शाळेत भाषा हे सुतारकाम आहे. तेथे तिचा हट्ट धरणारा चाकरीस अपात्र ठरतो. घरात मात्र ती हसणे आहे. तेथे ती सोडण्याची मागणी कोणीही आपणांकडे केलेली नाही. जे कोणी मागितले नाही तेही आपण होऊन देऊन टाकणे यास उदारपणा म्हणत नाहीत. तो निष्काळजीपणा होय.

हे दोन्ही साधता येते याचा दाखला याच शहरात आहे. बाबूराव विष्णु पराडकर १८८३ साली काशीतल्या मराठी घरात जन्मले. १९२० मध्ये निघालेल्या 'आज' या दैनिकाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. हिंदी वृत्तपत्राची भाषा घडवणाऱ्यांत त्यांची गणना होते, आणि १९३८ साली सिमल्याच्या हिंदी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांचे मामा सखाराम गणेश देउस्कर यांनी बंगालीत लिहिले. इंग्रजी राज्याने या देशाची केलेली लूट मांडणारे त्यांचे 'देशेर कथा' १९०४ साली निघाले, आणि त्याचा हिंदी अनुवाद पराडकरांनीच केला. एक मराठी मामा बंगालीत लिहितो आणि मराठी भाचा ते हिंदीत आणतो. या दोघांना 'अटॅच्ड' म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? आणि 'मर्ज्ड' तरी कसे म्हणावे? बंगाल्यांनी आणि हिंदी भाषकांनी त्यांना आपले मानले, आणि ती आडनावे आजही कोकणदेशाच्याच गावांची ओळख सांगतात. ते ज्या भाषेत गेले ती भाषा त्यांच्या येण्याने हलली. मल्लांचा संयोग तो हाच.

या दाखल्यातून आपणांवर दुसऱ्या बाजूचे एक कर्तव्य येते, ते सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. वर जे राखण्याविषयी लिहिले तेवढेच उचलून कित्येक जण आपली तीन वर्षे मेखेस बांधल्यासारखी काढतात. घाट पाहुण्यांना दाखवण्यापुरते, शेजारी सणाला मिठाई पाठवण्यापुरते, भाषा रिक्षावाल्याशी भाव करण्यापुरती. मन मात्र पुढच्या बदलीच्या यादीकडे. असा माणूस काही गमावत नाही हे खरे, परंतु जोडलाही जात नाही. सुतारकामसुद्धा न सोडता दरबारात उभा राहिलेला तो सुतार आहे. ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांनी काशीकडून विद्या घेतली तशी काशीस विद्या दिलीही. आपण सरकारी मुदतीचे पाहुणे असलो तरी त्या देवघेवीतून आपणांस सूट मिळालेली नाही. आपल्या हुद्द्याने या शहराचे काही बरे करता येत असेल ते करावे. येथल्या लोकांची बोली त्यांच्याच तोंडून ऐकून शिकावी, आणि आपल्या घरातले जे ऐकण्याजोगे आहे ते त्यांच्या कानी घालावे. शेजारच्या मुलाला आपल्या गणपतीची आरती पाठ व्हावी आणि आपल्या मुलीला येथली कजरी यावी, एवढे जरी झाले तरी दोन्ही पक्ष थोडे थोडे हलले असे म्हणता येईल.

इंग्रजी शब्दांचा आम्हांस राग नाही. दप्तर त्यांच्यावाचून चालणार नाही. त्यांची वजने ओळखून ते वापरावेत, एवढेच आमचे मागणे आहे. एखाद्या फायलीवर 'मर्ज' किंवा 'अटॅच' असा शेरा मारण्याचा अधिकार आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या हाती असतो. कोठे दोन शाळा एक होतात, कोठे एखादी कचेरी दुसरीत जाते, कोठे एखादे खेडे नगरपालिकेच्या हद्दीत येते. सही करण्यापूर्वी, ज्याला आपण जोडत आहोत त्याचे सुतारकाम कोणते आणि हसणे कोणते, एवढे एकदा त्यालाच विचारावे. विचारण्यास एक दुपार पुरते. न विचारल्याची सल मात्र पिढ्या उलटल्या तरी जात नाही.